श्रीरामपूर : पावलांनी मोजलेले गाव

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी एक प्रश्न निघाला. आई-नाना श्रीरामपुरातल्या जुन्या भाड्याच्या घरात राहतात. घरमालकांना ती जागा पाडून नवी इमारत बांधायची आहे, तेव्हा नवे घर पाहणे भाग होते. पर्याय दोन होते. एक घर गावाबाहेर साडेतीन किलोमीटरवर, एन.ए. प्लॉटवर बांधलेले. तेथे प्रशस्त अंगण होते, गाडी लावायला जागा होती आणि हवाही मोकळी होती. दुसरे जुन्या वॉर्डात, तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. किंमत जवळजवळ सारखीच. नानांनी वहीत दोन रकाने पाडून दोन्ही घरांचे गुणदोष लिहिले आणि बाहेरच्या घराला सहज जास्त गुण मिळाले. आई एवढेच म्हणाली, "तिथून मी भाजीला कशी जाऊ?"

नानांच्या वहीत या प्रश्नासाठी रकाना नव्हता. मी संशोधनाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे मोजता येणारी गोष्ट मोजायची राहिली की मला चैन पडत नाही. पण घर आणि पाऊल यांचे नाते शोधायला लागलो, तेव्हा लक्षात आले की हा केवळ आमच्या घरचा प्रश्न नाही. आमचे गाव ज्या जागी उभे आहे ते का, याचे उत्तरही बरेचसे याच नात्यात आहे.

आधी स्टेशन, मग गाव

बहुतेक जुनी गावे नदीकाठी वसली. पाणी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवे, ही त्यामागची पहिली अट. प्रवरेकाठचे बेलापूर हे असेच जुने गाव. श्रीरामपूर मात्र नदीकाठी नाही. ते बेलापूरपासून पाच-सहा किलोमीटरवर, सपाट माळावर आहे. याचे कारण रेल्वे.

दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. तो बांधला गेला तो काळ दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा, म्हणजे १८७६ ते १८७८ चा. मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी कामाचे मजूर लावले गेले. त्या दुष्काळात चालण्याच्या अंतराचा एक कठोर उपयोग झाला. घरापासून लांबच्या कामावर जायला जो तयार होईल तोच खरा गरजू, अशी कसोटी सरकारी धोरणात आली. मुंबई इलाख्यात १८७७ च्या सुरुवातीला अनेक मजुरांनी दूरच्या मोठ्या कामांवर जायचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसाला दहा मैल चालायला लावणे म्हणजे त्याच्या अंगातली उरलीसुरली शक्ती खर्च करायला लावणे, हे आज शरीरशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल.

रेल्वेच्या अभियंत्यांना गावांची सोय पाहण्याआधी चढउतार, वळणे आणि नदीवरच्या पुलाची जागा पाहावी लागते. त्यामुळे मार्ग बेलापूर गावातून न जाता काही अंतरावरून गेला आणि स्टेशनाला 'बेलापूर रोड' असे नाव मिळाले. जुन्या रेल्वे नकाशांत नावापुढे 'रोड' दिसले, की मूळ गाव तेथून काही अंतरावर आहे असे बहुधा समजावे.

माल उतरवायचा, वजन करायचा, साठवायचा, पुढे पाठवायचा, तर व्यापाऱ्याला स्टेशनाजवळ राहणे सोयीचे. हमालाला त्याहूनही जवळ राहणे भाग, कारण त्याच्याकडे वाहन नाही आणि गाडी अवेळी येते. मग चहाचे दुकान, खाणावळ, धर्मशाळा, अडत. अशी पेठ वाढली आणि पुढे तिला श्रीरामपूर हे नाव मिळाले. रेल्वेच्या तिकिटावर मात्र कित्येक दशके बेलापूर हेच नाव छापले जात राहिले. माझ्या लहानपणी पाहुण्यांना पत्र लिहिताना "बेलापूरला उतरा, श्रीरामपूरला या" असे लिहावे लागे.

पायाचे गणित

अशी पेठ किती पसरेल? येथे थोडे गणित करू.

निरोगी प्रौढ माणूस सपाट रस्त्यावर ताशी सुमारे पाच किलोमीटर चालतो. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये एका लेखात असे मांडले की, वेगवेगळ्या काळांत आणि देशांत माणूस रोजच्या जाण्या-येण्यावर सरासरी सुमारे एक तास घालवतो. त्याआधी वाहतूकतज्ज्ञ याकोव्ह झहावी यांनी प्रवासाच्या वेळेबद्दल असेच निरीक्षण केले होते. ही लोकसमूहाची सरासरी आहे. एखाद्या माणसाला लागू पडणारा नियम नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तरीही अंदाजासाठी ती उपयोगी आहे.

जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. अर्ध्या तासात अडीच किलोमीटर चालून होतात. म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाचे जग अडीच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस किलोमीटर. जगातल्या बहुतेक जुन्या तटबंदीच्या शहरांचा घेर यापेक्षा मोठा नव्हता, असे मार्केटी यांनी दाखवले.

आता वेग तिप्पट करू. सायकल ताशी १५ किलोमीटर. त्रिज्या साडेसात किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस किलोमीटर. वेग तिप्पट, पण जग नऊपट! मोटरसायकलचा वेग सहापट धरला तर जग छत्तीसपट होते. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण सातवी-आठवीच्या वर्गात शिकवतो. गावे कशी पसरतात याची बरीचशी किल्ली त्या एका सूत्रात आहे.

पाट आला, घरे हलली

प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. पाटाच्या पाण्यावर या भागात ऊस वाढला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी महाराष्ट्र शुगर मिल्सची स्थापना केली आणि तिच्या कारखान्याभोवती टिळकनगर वसले. कारखान्यांनी कामगारांसाठी चाळी बांधल्या त्या कारखान्याला लागूनच. यात केवळ दयाबुद्धी नव्हती. गळिताच्या हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. पाळीवर येणारा कामगार भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर हवा. मुंबईच्या गिरणगावातील चाळींमागेही हाच हिशेब होता.

शेतकऱ्याच्या बाबतीत एक वेगळीच गोष्ट घडली. जिरायत शेतीच्या काळात लोक गावठाणात एकमेकांना लागून राहत आणि शेतावर चालत जात. वर्षातले मोजके महिने कामाची घाई असे, त्यामुळे हे परवडे. ऊस मात्र रोज लक्ष मागतो. पाटाच्या पाण्याची पाळी कधी मध्यरात्री येते. तेव्हा बारे धरायला दोन-तीन किलोमीटर अंधारातून जाण्यापेक्षा शेतातच घर बांधलेले बरे, असे अनेकांनी ठरवले. अशा रीतीने 'वस्त्या' वाढल्या. आजही आमच्याकडे "गावात राहता की वस्तीवर?" असे सहज विचारतात. शेत पायाशी आले, पण दवाखाना, दुकान आणि शाळा लांब गेल्या. घर कोठे असावे या प्रश्नाला कोणासाठी आणि कशापासून जवळ, हा उपप्रश्न नेहमी जोडलेला असतो, तो असा.

आणि घर निवडण्याची मुभा सर्वांना होती असेही नाही. जुन्या गावात कोणाचे घर कोठे असावे हे जातीने ठरवले होते. काहींची वस्ती गावकुसाबाहेर आणि पाणवठाही वेगळा. पाण्यासाठी रोज किती चालायचे हे तेथे भूगोलापेक्षा समाजव्यवस्थेने ठरवले. स्टेशनाभोवतीच्या नव्या पेठेत ही बंधने थोडी सैल झाली, पण भाड्याने खोली मागताना आडनाव विचारण्याची पद्धत काही गेली नाही. जुन्या काळच्या पायी जगण्याचे कौतुक करताना हे विसरू नये.

शाळा मध्यभागी

घर आणि पाऊल यांचा शास्त्रीय विचार करणाऱ्यांत एक जीवशास्त्रज्ञ अग्रभागी होता, हे विज्ञानाच्या शिक्षकांना ऐकायला आवडेल. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. ते १९१४ मध्ये भारतात आले, अनेक गावांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. नगररचना करण्याआधी ते गाव पायी फिरून समजून घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता कापत नेण्याऐवजी थोडी पडझड काढून टाकावी, चौक मोकळे करावेत, झाडे लावावीत, पण गल्ल्यांचे जाळे जपावे, असे ते सुचवत. सजीवावर शस्त्रक्रिया करताना निरोगी पेशीजाल वाचवतात, तसाच हा विचार.

अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये शेजाराची एक रचना मांडली. साधारण पाव मैल, म्हणजे ४०० मीटर त्रिज्येचा भाग, पाच-सहा हजार वस्ती, आणि मध्यभागी प्राथमिक शाळा. मोठे रस्ते कडेने जावेत, म्हणजे कोणत्याही मुलाला वर्दळीचा रस्ता ओलांडावा लागणार नाही. सहा वर्षांच्या मुलाची चाल हे त्यांनी नगररचनेचे एकक मानले.

आपल्याकडे हीच कल्पना शिक्षणाच्या वाटेने आली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्रत्येक मुलाच्या घरापासून सुमारे एक मैलाच्या आत प्राथमिक शाळा असावी असे म्हटले आणि शेजारशाळेची कल्पना मांडली. जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. महाराष्ट्रात २००० च्या सुमारास वस्तीशाळा सुरू झाल्या, त्या ज्यांच्याजवळ एक किलोमीटरच्या आत शाळा नव्हती अशा वाड्यावस्त्यांसाठी. उसाच्या मळ्यात राहायला गेलेल्या घरांपर्यंत शाळा चालत आली, असे म्हणायला हरकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर लिहिले गेले. पायी चालण्याचे अंतर अशा रीतीने मुलाचा हक्क झाले.

या पार्श्वभूमीवर २०२३ मध्ये पुढे आलेल्या प्रस्तावाकडे पाहावे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी मोठ्या समूहशाळा काढाव्यात आणि मुलांना वाहनाने आणावे, असा तो विचार होता. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान आणि प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळू शकतो; हा फायदा खरा आहे. पण ज्या दिवशी गाडी येणार नाही, त्या दिवशी पाच किलोमीटरवरच्या शाळेला कोण जाईल आणि कोण घरी राहील? मुलगी घरी राहण्याचा संभव अधिक, हे शिक्षकांना मी सांगायला नको. लाभाच्या रकान्याशेजारी अंतराचा रकाना आखल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. नानांच्या वहीत राहिलेला रकाना तो हाच.

चाके आली

श्रीरामपुरात माझ्या लहानपणी सायकल हेच मुख्य वाहन. तासावर भाड्याने सायकल मिळे. मग लूना आली. ही पन्नास सीसीची मोपेड कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणली, आणि ती आमच्याच जिल्ह्यात, अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) तयार होत असे. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले यांचे जग लूनाने एका झटक्यात वाढवले, हे निःसंशय. वस्तीवरचा मुलगा कॉलेजात वेळेवर पोहोचू लागला.

पण चाकांमुळे लांबचे जवळ होते, तसेच काही वर्षांत जवळचे लांब जाते. अंतराची भीती गेल्यावर घरे शेतांत, रस्त्यांच्या कडेने पसरतात. विरळ वस्तीत किराण्याचे दुकान चालत नाही, कारण दुकानाला चालत येण्याच्या अंतरात पुरेशी गिऱ्हाइके लागतात. दुकान नाही म्हणून गाडी लागते. गाडी आहे म्हणून दुकान नसले तरी चालते. ज्याला गाडी चालवता येते त्याला या चक्राचा पत्ताही लागत नाही. तो लागतो लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि ज्यांच्या हाती घरातली गाडी कधीच येत नाही अशा बायकांना.

चालण्याने प्रकृती सुधारते का?

येथे एक सावधगिरी. लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास छापला. दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत आणि वाहक रोज पाचशेहून अधिक पायऱ्या चढत. वाहकांना हृदयविकार स्पष्टपणे कमी होता. निष्कर्ष उघड वाटतो. पण मॉरिस यांनी पुढे गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की चालकांच्या कमरेचा घेर नोकरीला लागतानाच जास्त होता! म्हणजे फरकाचा काही भाग कामामुळे, तर काही भाग माणसे मुळातच वेगळी असल्यामुळे.

घराबाबत हीच अडचण येते. दाट वस्तीत राहणारे लोक जास्त चालतात असे आढळले, तर ते वस्तीमुळे की चालण्याची आवड असलेल्यांनीच तेथे घर घेतले म्हणून? विद्यार्थ्यांना कार्यकारणभाव शिकवायला हे उत्तम उदाहरण आहे. एवढे मात्र मॉरिस यांच्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी पक्के झाले आहे की नियमित चालण्याचा हृदयाला लाभ होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पंधरा मिनिटांवरच्या मंडईत जाऊन परत यायचे, असे आठवड्यातून पाच दिवस केले की १५० मिनिटे भरली. त्यासाठी वेगळा व्यायाम म्हणून वेळ काढावा लागत नाही.

आईचे वर्तुळ

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे. मी आईबरोबर घड्याळ घेऊन चाललो. गुडघेदुखीमुळे तिचा वेग ताशी सुमारे तीन किलोमीटर. पंधरा मिनिटांत मी सव्वा किलोमीटर जातो, ती पाऊण. त्रिज्या माझ्या ६० टक्के. क्षेत्रफळ मात्र ३६ टक्के. वेग पाच भागांपैकी दोन भागांनी कमी झाला, पण जग जवळजवळ एक तृतीयांश उरले.

शिवाय वर्तुळ हे कागदावरचे. रस्ते एकमेकांना काटकोनात असतील तर आपण तिरपे जाऊ शकत नाही, आणि पोहोचता येणारा भाग वर्तुळाऐवजी तिरका चौरस होतो. त्याचे क्षेत्रफळ २r². वर्तुळाच्या πr² शी तुलना केली तर ६४ टक्केच. मध्ये रेल्वेचे रूळ, पाट किंवा ओलांडता न येणारा हमरस्ता आला तर आणखी एक मोठा तुकडा गेला.

जुन्या वॉर्डातल्या घराभोवती मी आईचा तिरका चौरस काढला. त्यात मंडई, औषधांचे दुकान, डॉक्टर, देऊळ, वाचनालय, पिठाची गिरणी आणि तिच्या चार मैत्रिणी आल्या. गावाबाहेरच्या घराभोवती काढला. त्यात उसाचे दोन मळे आणि एक पेट्रोलपंप आला.

नानांनी बराच वेळ नकाशा पाहिला. मग म्हणाले, "पण गाडी कोठे लावायची?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "नाना, तुम्ही अजून किती वर्षे गाडी चालवाल?" ते काही बोलले नाहीत. विचारायला नको होते असे मला क्षणभर वाटले. दुसऱ्या दिवशी वहीत तिसरा रकाना आखलेला दिसला. त्याचा मथळा होता, 'ही पायी'.

घर जुन्या वॉर्डातले घेतले. ते अंधारे आहे, समोर भोंगे वाजतात आणि पावसाळ्यात गल्लीत पाणी साचते. या दोषांची किंमत आम्ही जाणून मोजली आहे. नाना अजूनही अधूनमधून अंगणाचा विषय काढतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या शाळेचा परिसर-नकाशा घ्या. विद्यार्थ्यांचे आठ गट करून आठ दिशांना, शक्य तर सुटीच्या दिवशी मोठ्या माणसांसोबत, रस्त्याने पंधरा मिनिटे चालायला सांगा. जेथे पोहोचतील तेथे खूण करा आणि खुणा जोडा. मग घरातल्या आजी किंवा आजोबांबरोबर हेच पुन्हा करा. दोन आकृत्यांची क्षेत्रफळे आलेखकागदावर चौकोन मोजून काढा. जेथे आकृती आत दबली असेल, तेथे काय आडवे आले ते नोंदवा. नाला, रूळ, मोकाट कुत्री की तुटलेला पदपथ? गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच तासात होईल. आकृती नीट निघाली तर तिची एक प्रत नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीलाही द्यावी.